मास्तर, लाइन क्लिअर?

मला एक सांगा, ऑफिसात तुम्ही दिवसातून किती वेळा 'नाही' म्हणता? शुक्रवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, बॅग खांद्यावर चढलेली. तेवढ्यात बॉस येतो, 'छोटासाच बदल आहे रे' म्हणतो, आणि आपण 'शुअर सर' म्हणून परत खुर्चीत बसतो. मी तर फ्रीलान्सर. मला 'नाही' हा शब्द परवडतच नाही. माझ्या एका 'नाही'ची किंमत म्हणजे पुढच्या महिन्याचं अर्धं घरभाडं.

माझा मावसभाऊ मात्र 'नाही' म्हणायचा पगार घेतो. दर महिन्याला, वेळेवर, डीएसकट! तो रेल्वेत स्टेशन मास्तर आहे.

'स्टेशन मास्तर' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला माहीत आहे. पांढरा कोट, काखेत हिरवा झेंडा आणि 'गाडी किती लेट आहे हो?' या प्रश्नाला मान वर न करता दिलेलं उत्तर. माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. पण झेंडा हा त्याच्या कामाचा सगळ्यात लहान भाग. खरं काम चालतं आतल्या खोलीत. तिथे टेबलावर एक पॅनल असतं, त्यावर स्टेशनाच्या सगळ्या रुळांचा नकाशा आणि बारीक बारीक दिवे. कुठल्या गाडीला कुठल्या रुळावर घ्यायचं, कुणाला बाहेर थांबवायचं, कुणाला पुढे सोडायचं, हे तिथून ठरतं. इंग्लंडमध्ये यासाठी 'सिग्नलर' अशी वेगळी पोस्ट असते. आपल्याकडे सिग्नल देणारा माणूस म्हणजे स्टेशन मास्तर. सांधे बघणारा पॉइंट्समन त्याच्या हाताखाली काम करतो आणि सिग्नलची यंत्रणा नीट ठेवणारी माणसं सिग्नल खात्याची असतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

तर हा आमचा मास्तर दिवाळीनंतर चार दिवसांच्या सुट्टीवर अचलपूरला आला होता. (दिवाळीत सुट्टी मिळणं विसरा. सगळ्या देशाला घरी पोचवायचं असतं ना!) मीही पुण्याहून गेले. म्हणजे पुण्याहून रेल्वेने बडनेरा, तिथून अमरावती आणि मग परतवाड्याची एसटी. कारण स्टेशन मास्तरच्या गावाला रेल्वे येत नाही.

येत होती. अचलपूर–मूर्तिजापूर ही नॅरोगेजची गाडी म्हणजे आमची शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मुख्य लाइनपर्यंत न्यायला हे रूळ टाकले. एक फाटा मूर्तिजापूरहून यवतमाळला, दुसरा दर्यापूर, अंजनगावमार्गे आमच्याकडे. गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतरही रूळ खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले आणि गाडी चालवायची मध्य रेल्वे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत या मार्गावर धावलं. सत्तर वर्षं! आपण तीन वर्षांत मोबाइल बदलतो. मग डिझेल आलं, आणि आता गेली काही वर्षं गाडीच बंद आहे. ब्रॉडगेज व्हावी म्हणून लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. रुळांवर गवत उगवलंय.

आम्ही लहानपणी सुट्टीत या गाडीने मूर्तिजापूरला जायचो. ती इतकी निवांत चालायची की उतरून, चालत पुढे जाऊन परत चढता येईल अशी आमच्यात पैज लागायची. मामा आमचे कान धरायचे. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडायचा आणि परत चढायचा. या मार्गावरच्या जुन्या सिग्नलवर लिव्हरपूलच्या कारखान्याचं नाव होतं. लोखंडी खांब, वर लाल हात. आडवा असला की थांबा, खाली झुकला की या. माझ्या भावाला त्या हातापायी वेड लागलं होतं. मला खिडकीची जागा हवी असायची, त्याला सिग्नल दिसेल ती बाजू.

२०१९ च्या फेब्रुवारीअखेर रेल्वे भरती बोर्डाची एनटीपीसीची जाहिरात निघाली. एनटीपीसी म्हणजे वीज बनवणारी कंपनी नव्हे. क्लार्क, गार्ड, स्टेशन मास्तर अशा बिगरतांत्रिक पदांची ती भरती. जागा ३५,२०८. अर्ज सव्वा कोटीच्या आसपास. हो, कोटी. मामांनी आम्हा दोघांनाही फॉर्म भरायला बसवलं. मी तेव्हा मास कॉमचं शेवटचं वर्ष करत होते आणि माझ्या मते माझा जन्म टीव्हीवर झळकण्यासाठी झाला होता. तरी मामांपुढे बोलायची सोय नव्हती. फी पाचशे रुपये. परीक्षेला बसलात की त्यातले चारशे परत.

दोन फॉर्म शेजारी शेजारी भरत होतो. पदांचा पसंतीक्रम टाकायची वेळ आली. भाऊ माहितीपत्रक ओळ न ओळ वाचत होता (आमच्या घरात हे करणारा तो एकटाच) आणि मधेच त्याने माझ्याकडे बघितलं. "ताई, तू डोयाचं ऑपरेशन केलं नं मागच्या वर्षी?"

केलं होतं. लेसिक. कॅमेऱ्यासमोर चष्मा नको म्हणून घरच्यांच्या मागे लागून करून घेतलं होतं. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की लेसिक किंवा नंबर घालवायची कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अ-२ मेडिकलच्या पदांना चालणार नाही. आणि स्टेशन मास्तर म्हणजे अ-२. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची लांबची नजर ६/९, जवळची ०.६, शिवाय रंग ओळखण्याची आणि रात्रीच्या नजरेची तपासणी. माझ्या फॉर्मवरून स्टेशन मास्तर हे पद तिथेच गेलं. खरं सांगते, मला ती नोकरी नकोच होती. तरीही 'तू चालणार नाहीस' हे कागदावर वाचल्यावर पोटात काहीतरी झालंच. नको असलेला मुलगाही आपल्याला नकार देऊन गेला की होतं ना, तसं.

मी पहिल्या परीक्षेतच गळाले. भावाचा प्रवास मात्र आमच्या शकुंतलेच्या चालीने सुरू झाला.

मार्च २०१९ ला भरलेल्या फॉर्मची पहिली परीक्षा डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि देशभरातल्या मुलांचे हप्ते संपेपर्यंत जुलै २०२१ उजाडला. ९० मिनिटांत १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. पेपर मराठीतूनही देता येतो, हे आपल्याकडच्या कितीतरी मुलांना माहीतच नसतं. निकाल लागला जानेवारी २०२२ मध्ये. तो लागला आणि यादी कशी लावली यावरून बिहारमध्ये पोरं रुळांवर उतरली. मग मे २०२२ मध्ये दुसरी परीक्षा, १२० प्रश्न. मग ३० जुलै २०२२ ला अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. मग कागदपत्रं, मग मेडिकल, मग वाट बघणं.

चार वर्षं! तेवढ्यात माझ्या दोन नोकऱ्या झाल्या, एक ब्रेकअप झालं आणि टीव्हीवर झळकायचं खूळ उतरलं. भाऊ परतवाड्याच्या अभ्यासिकेत त्याच खुर्चीत बसून होता. घरात दर सणाला तोच प्रश्न. "काय झालं रे तुह्या रेल्वेचं?" तो म्हणायचा, "सिग्नल नाही मिळाला अजून." पहिल्या दिवाळीला सगळे हसले. तिसऱ्या दिवाळीला कुणी हसलं नाही.

त्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टबद्दल थोडं सांगायला हवं, कारण क्लासवाले सगळा जोर गणितावर देतात आणि खरी गंमत इथे आहे. एनटीपीसीच्या सगळ्या पदांमध्ये ही टेस्ट फक्त स्टेशन मास्तर आणि ट्रॅफिक असिस्टंट यांनाच द्यावी लागते. कॉम्प्युटरवर घेतात आणि पाठांतर इथे काही कामाचं नाही. दाट जंजाळातून एकच खूण शोधा, आकृतीतून वाट काढा, दिलेल्या गोष्टी क्रमाने लावा, आणि हे सगळं घड्याळ पळत असताना. यातल्या प्रत्येक भागात ठरलेला स्कोअर काढावाच लागतो. एकात शंभर नंबरी आणि दुसऱ्यात ढ असं चालत नाही. अंतिम यादीत ७० टक्के वजन दुसऱ्या परीक्षेला आणि ३० टक्के याला. आणि हो, टेस्टच्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरचं ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट सोबत लागतं. ते नसेल तर दारातूनच परत.

भावाबरोबर एक मित्र अभ्यास करायचा. दोघांचा डबा एक, नोट्स एक. दोघंही सगळ्या चाळण्या पार करून मेडिकलला पोचले. तिथे ठिपक्यांच्या पुस्तकावर तो मित्र अडला. तुम्ही बघितलं असेल ते पुस्तक. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत एक आकडा लपलेला असतो. जपानच्या इशिहारा नावाच्या डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी तयार केलेल्या या पाट्या जगभर वापरतात. याला काही पाटीवर आकडा दिसेना. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं! लाल-हिरव्यातला फरक कमी कळणाऱ्या पुष्कळ लोकांना ते आयुष्यभर कळत नाही, कारण टोमॅटो लाल असतो हे सगळ्यांना ऐकूनच माहीत असतं. त्याने जवळच्या डॉक्टरकडून आणलेल्या सर्टिफिकेटवर 'कलर व्हिजन नॉर्मल' असंच लिहिलेलं होतं. पाट्या दाखवल्याच नव्हत्या. जाहिरातीत आधीच छापलं होतं की मेडिकलला नापास झालेल्याला पर्यायी नोकरी मिळणार नाही. चार वर्षं संपली, दहा मिनिटांत. भाऊ म्हणतो, येताना एसटीत दोघंही एक शब्द बोलले नाहीत, आणि स्वतःच्या पास होण्याचा आनंद त्याने कधी केलाच नाही.

म्हणून मैत्रिणींनो आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या मनात हे करिअर डोकावत असेल, किंवा घरी धाकटा भाऊ तयारीला लागला असेल, तर क्लासची फी भरायच्या आधी डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरकडे जा. पाट्या दाखवा म्हणून हट्ट धरा. चष्मा घालवायचा विचार असेल तर आधी पोस्टचं मेडिकल वाचा. सध्या पदवी आणि साधारण १८ ते ३३ हे वय (राखीव गटांना सवलत) इतकं पुरतं, हे वाचून सगळे फॉर्म भरतात. डोळ्यांचं पान मात्र कुणी उघडत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात भावाची ऑर्डर आली. घरात पेढे आले. आणि २ जूनला संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्सप्रेसचा अपघात झाला. सिग्नल मुख्य लाइनचा हिरवा आणि सांधा मात्र बाजूच्या लूप लाइनला लागलेला. पूर्ण वेगातली एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून जास्त माणसं गेली. चौकशीत पुढे आलं की सिग्नलच्या वायरिंगमध्ये बदल करताना चूक राहिली होती.

मावशीने तीन दिवस टीव्ही बंद केला नाही. चौथ्या दिवशी तिने पेढ्यांचा डबा कपाटात ठेवून दिला आणि म्हणाली, "बाप्पा, नको जाऊ. एक तार चुकली तं इतकी माणसं. तुह्या हातून काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?" तिला 'तुला काही झालं तर' ही भीती नव्हती, हे लक्षात घ्या. 'तुझ्या हातून काही झालं तर' ही होती. मी फोनवर होते. मला वाटलं, हा आता माघार घेणार. तो फक्त म्हणाला, "आई, चुकते म्हणून तं माणूस ठेवते तिथी." आणि भुसावळला ट्रेनिंगला गेला.

भुसावळला मध्य रेल्वेची मोठी प्रशिक्षण संस्था आहे. तिथे काही महिने हॉस्टेल, पहाटे उठणं आणि 'जनरल रूल्स'चं पुस्तक. भावाने ते घरी आणलं होतं, मी चाळलं. समासांत निळ्या पेनाच्या बारीक नोट्स, कोपरे झिजलेले. बारावीच्या फिजिक्सचं पुस्तक याने कधी इतकं वापरलं नव्हतं. त्याने मला जे समजावलं ते तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते, कारण हे कळलं की नोकरी कळली.

दोन स्टेशनांच्या मधल्या रुळाला ब्लॉक म्हणतात. नियम एकच. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. मी या स्टेशनवर आहे आणि मला गाडी पुढे सोडायची आहे, तर मी पुढच्या मास्तरला विचारायचं, 'लाइन क्लिअर?' त्याने आपली लाइन खरंच रिकामी आहे याची खात्री करून होकार दिला, तरच माझा सुटायचा सिग्नल खाली येणार. यंत्रच असं बनवलेलं असतं की दोन्ही बाजूंचं एकमत झाल्याशिवाय काम होत नाही. जुन्या एकेरी मार्गांवर तर लोखंडी गोळा असायचा. दोन्ही स्टेशनांनी मिळून यंत्र चालवलं तरच तो गोळा बाहेर पडायचा, आणि तो हातात मिळाल्याशिवाय ड्रायव्हर निघायचाच नाही. फोनवर बोलायचं झालं तर नुसतं 'हो' चालत नाही. प्रत्येक मास्तरकडे छापील दोन आकडी नंबरांचा कागद असतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. होकारासोबत पुढचा नंबर सांगायचा, समोरच्याने तो लिहून घ्यायचा, आपण कागदावर खोडायचा. म्हणजे झोपेत, सवयीने किंवा 'बघितलं असेल कुणीतरी' म्हणून हो म्हणता येत नाही. तुमच्या ऑफिसातल्या ई-मेलवरच्या 'नोटेड, थँक्स'शी जरा तुलना करून बघा!

आणि आमच्या शकुंतलेचा तो लाल हात. मला इतकी वर्षं वाटायचं की तो थांबवायला वर उचलतात. उलट आहे. त्याला वजन लावलेलं असतं. हात झुकवायला केबिनमधून तार ओढावी लागते. तार तुटली, लिव्हर सुटला, काहीही बिघडलं, तर हात आपोआप आडवा होतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतही तेच. वीज गेली, रिले पडला की यंत्रणा लाल बाजूला झुकते. म्हणजे रेल्वेत थांबणं फुकट असतं. 'या' म्हणायलाच कष्ट पडतात, आणि ते कष्ट करायला माणूस ठेवलेला असतो. "बहानगाले काय झालं," भाऊ म्हणाला, "तं यंत्र खोटं हिरवं बोललं. यंत्र लाल बोललं तं मी कधीच तक्रार नाही करत."

त्याची पहिली पोस्टिंग मध्य भारतातल्या एका छोट्या, एकेरी लाइनच्या स्टेशनवर. गाव दोन किलोमीटर आत. बारा तासांची ड्युटी. गाड्या कमी असलेल्या स्टेशनवर बारा, गजबजलेल्या ठिकाणी आठ. पहिल्या स्वतंत्र रात्रीची गोष्ट त्याने गच्चीवर सांगितली. मावशी झोपल्यावर.

जानेवारी, रात्रीचे दोन, बाहेर धुकं इतकं की प्लॅटफॉर्मवरचा दिवाही लोकरीच्या गोळ्यासारखा. एक मालगाडी त्याच्या लूप लाइनवर येऊन उभी राहिली. बिनगार्डाची. मागच्या स्टेशनवर एक पॅसेंजर उभी होती, तिला सोडायची घाई. मागचा मास्तर विचारतो, लाइन क्लिअर? आता मालगाडी आली हे खरं. पण सगळी आली का? शेवटच्या डब्याला पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. ती दिसली नाही तर कपलिंग सुटून मागचे चार डबे ब्लॉकमध्येच राहिलेले असू शकतात. त्या मार्गावर डब्यांची चाकं मोजणारं यंत्र तेव्हा लागलेलं नव्हतं. गाडी सहाशे-सातशे मीटर लांब आणि धुक्यात वीस मीटरपुढे काही दिसेना. पॉइंट्समनला टॉर्च देऊन मागे पाठवलं. त्याचा वॉकीटॉकी मध्येच मुका झाला.

पाच मिनिटं झाली. मागचा मास्तर परत फोनवर. "अरे भाई, गाडी आ गई ना?" आठ मिनिटं. कंट्रोलचा फोन. पॅसेंजर का उभी आहे, नवीन आहात का, गाडी समोर उभी दिसते ना तुम्हाला? दहा मिनिटं. "ताई, मले माहीत होतं का गाडी पूर्णच हाय. नव्याण्णव टक्के माहीत होतं. हात त्या यंत्रावरच होता." त्या मास्तरला वीस वर्षांची नोकरी, कंट्रोलवाला साहेब, आणि हा पहिल्या रात्रीचा. तो प्रत्येकाला एकच वाक्य सांगत राहिला. "सर, टेल लॅम्प नाही पाहिला अजून."

चौदाव्या मिनिटाला पॉइंट्समन धापा टाकत परत आला. लाल दिवा होता. गाडी पूर्ण होती. भावाने रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, नंबर दिला, पॅसेंजर सुटली. चौदा मिनिटं लेट.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. सकाळी चहा पेला, झोपलो."

मला राहवलं नाही. म्हटलं, चौदा मिनिटांचा हिशोब कुणी विचारला का? विचारला. लेखी. त्याने लेखी दिला. "आणि शाबासकी?" तो हसायला लागला. "काहून? झालंच काय होतं?"

आता तुम्हाला वाटेल की मी भावाच्या प्रेमात पडून रेल्वेची जाहिरात करतेय. तसं नाही. ही नोकरी सगळ्यांची नाही. मूळ पगार ३५,४००, वर महागाई भत्ता वगैरे, पास मिळतात, नोकरी पक्की. पण शनिवार-रविवार ही कल्पनाच विसरायची. झोपेचं वेळापत्रक मोडतं. गावाबाहेरच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी बोलायला पॉइंट्समन आणि कुत्रा. मल्टिप्लेक्स, कॉफी शॉप आणि 'चिल' यांचा दूरपर्यंत पत्ता नाही. त्याला दोन स्थळांनी 'गाव आत आहे' म्हणून नकार दिलाय. मुलींना कठीण आहे का? राहायच्या जागेचा आणि रात्रीच्या ड्युटीचा प्रश्न खरा आहे. पण मुंबईतलं माटुंगा स्टेशन मध्य रेल्वेने २०१७ मध्ये पूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांच्या हाती दिलं, त्याची देशभर चर्चा झाली. तेव्हा 'बाई कशी करेल' हा वाद संपलेला आहे.

रंग नीट दिसतात पण पॅनलवर बसायचं नाही, हातात स्क्रू ड्रायव्हर हवा, असं असेल तर सिग्नल खातं बघा. इंजिनीअरिंगचा डिप्लोमा असेल तर ज्युनियर इंजिनीअर. फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरमधली बीएस्सी असेल तर टेक्निशियन ग्रेड एक, सिग्नल. सिकंदराबादला या खात्याची १९५७ पासूनची स्वतंत्र संस्था आहे. एक गोष्ट मला फार आवडली. सिग्नलच्या रिले रूमला दोन कुलपं असतात. एक किल्ली मास्तरकडे, एक सिग्नलवाल्याकडे. एकट्याला उघडताच येत नाही. आणि दहावी पास पॉइंट्समन म्हणून लागलेली मुलंही पुढे खात्याच्या परीक्षा देऊन मास्तरच्या खुर्चीपर्यंत पोचतात.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दुल्हा गेटकडून एक पोरगा आला. मावशीच्या ओळखीतला, नुकताच बीकॉम झालेला. हातात क्लासचं चकचकीत ब्रोशर. फी चाळीस हजार. वडील फिनले मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यापासून मिळेल ते काम करतात. पैशांची जुळवाजुळव झालेली होती, सोमवारी भरायचे होते. "दादा, तुम्ही कोणतं पुस्तक वाचलं जीएसचं?"

मावशीने चहा ठेवला. भावाने पुस्तकाचं नाव सांगितलंच नाही. मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि स्क्रीन त्याच्यासमोर धरली.

"हा आकडा कोनता दिसते?"

मला लांबूनही दिसत होता. केशरी ठिपक्यांत हिरवट चौऱ्याहत्तर.

पोरगा वाकला. मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, खिडकीकडे वळवला.

"एकवीस?"

भावाने पुढची पाटी लावली. मग त्याच्या पुढची. पोरगा हसत होता, त्याला वाटलं काही गेम आहे. "याच्यात तं काहीच नाही ना दादा."

मावशी कपबशा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

"मोबाइलवर बराबर नाही समजत," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज एकदम सावकाश झाला होता. "सोमवारी पैसे भरू नको. अमरावतीले चल, मी येतो तुह्यासंगं. डोयाच्या डॉक्टरकडे पाट्या पाहू. कमी-जास्त निघालं तं काउंटरची, क्लार्कची पोस्ट हाय, तिथलं मेडिकल वेगळं असते. माहितीपत्रक हाय माह्यापाशी, बसून वाचू."

"पन दादा, सोमवारी तं तुमची ड्युटी..."

"रजा वाढवतो. चहा घे."